गोदाम नंबर सतरा

आधी पाचही कान मधोमध.
अ‍ॅम्प हवाली करताना शिकलगारचाचा एवढंच म्हणाले होते,
"घड्याळात बारा वाजल्यागत. मग एकेकाचा पीळ.
आन् पिळायच्या आधी ऐक."
मिरजेत नवा स्पीकर घातलेला जुना अ‍ॅम्प,
एका कोपऱ्यात जाळी दबलेली,
गेन फिरवला की करकर करणारा.
जोरात छेडलं तरच लाल दिवा डोळा मारेल
इतकाच गेन. ते एक मला लवकर जमलं.

घरी एकट्याने वाजवताना
बास शेवटपर्यंत नेला, ट्रेबलही नेला,
मिड पार काढून टाकला.
काय गोड आवाज! भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं.
तालमीत तोच आवाज
जैनुद्दीनच्या ड्रमच्या पायाखाली गेला,
उरलेला सुयोगच्या गिटारने खाल्ला.
गाणं संपल्यावर पद्मजानं विचारलं, "आज बास नव्हता का रे?"
मी तिच्या डाव्या हाताला उभा होतो.

तालीम सांगलीत, मार्केट यार्डातल्या
बिरनाळ्यांच्या गोदामात. रात्री नऊनंतर,
हमाल घरी गेले की.
फाल्गुनात पोती पार पत्र्याला टेकलेली,
आणि हळद आवाज पिते,
उन्हातून आलेला माणूस तांब्या रिकामा करतो तशी.
त्या दिवसांत मी बायकोच्या नेलपॉलिशने खुणा केल्या:
बास दोनवर, मिड बारालाच, ट्रेबल एकच्या जरा अलीकडे.
वाटलं, झालं.
हा माझा आवाज. सापडला.

मग सौदे झाले. पोती गेली.
मीच काट्यावर चढवली, मीच आकडे लिहिले.
दिवसा मी तोलार.
कुणाला बोटभर झुकतं द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही.

रात्री त्याच खुणांवर जाड तार छेडली
आणि रिकामं गोदाम घुमलं.
शटर थरथरलं, पत्रा थरथरला,
जुन्या तराजूची साखळी आपसूक वाजायला लागली.
एकच सूर फुगत वर आला,
बाकीचे त्याच्याखाली कुठे गेले कळेना.
जैनुद्दीननं काठ्या मांडीवर ठेवल्या.
लहानपणी हरिपूरला हळदीच्या रित्या पेवात
तोंड घालून आम्ही स्वतःचं नाव पुकारायचो.
परत यायचं ते कुणा दुसऱ्याचंच असायचं.

अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला,
खाली बारदानाची चौपदरी घडी.
बास दहावर आणला. हात म्हणत होता, नको,
एवढा काढलास तर राहतंय काय?
मग मिड. ज्याला घरातून हाकललं होतं तो.
एकटा ऐकला तर सर्दी झालेला, नाकातला.
दोनपर्यंत नेला, तोंड वाकडं करत.
ट्रेबल कमी, तारेवर बोट घासल्याचं
ऐकू येईल न येईल इतका.

माझ्या गुडघ्याशी जे वाजतं
ते लांब कुणाला काय पोचतं, मला कसं कळावं?
म्हणून दारातल्या दादू ऐवळेला विचारलं,
जो रात्रभर तिथेच बसतो, आमचं सगळं सोसतो.
तंबाखू मळत तो म्हणाला,
"तुमचं कुठलं ते मला काय उमगत न्हाई.
पर मगाशी तुमी पाणी प्यायला थांबला न्हवं,
तवा गाणं लंगडाय लागलं."

पुन्हा वाजवलं, चार वेळा.
चौथ्यांदा पद्मजा चुकली,
कुणाला राग आला नाही.

निघताना ब्लेडने खुणा खरवडल्या.
नखात लाल कपचे, त्याखाली पिवळं,
ते पिवळं काही केल्या जात नाही.
मिडची खूण निघाली नाही.
राहू दिली, बारावर,
आता तिथे काही नसतं तरी.