शंभराला चार

तीस वर्षं मी टॅक्सीचे मीटर तपासले.
वैधमापन खातं. मोजून आखलेला एक किलोमीटर,
हातात पक्कड, खिशात शिशाचे मणी.
गुळगुळीत झिजलेल्या टायरांवर
आकडा पुढे पळवत कुणी आला,
की मी बोनेटवर टिचकी मारायचो:
चाक लहान झालं की वाट लांबते, शेठ.
शिक्का मिळणार नाही.

आणि आज मी
कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, परकारच्या दुकानासमोर
एक पाय तुटका असलेल्या स्टुलावर
तोल सांभाळत बसलोय.

चार अलॉय. पंधरा इंची.
शार्दूलने कॉलेजात असताना
शिकवण्यांच्या पैशांतून आणलेली.
मी म्हणालो, तेराच्या गाडीला पंधरा? घासेल.
म्हणालो, कंपनीतले इंजिनियर काय मूर्ख आहेत?
आणखीही बरंच म्हणालो.

अकरा वर्षं ती गॅलरीत पडून,
दोनावर दोन, गोणपाटात.
वर फळी टाकून हिने कुरडया वाळवल्या,
एका गणपतीत मखराचं सामान ठेवलं,
एकदा मधल्या पोकळीत मांजर व्याली.
टायर कधी चढलाच नाही त्यांच्यावर.

शार्दूल आता बँकेत
लोकांची कर्जं नामंजूर करतो.
परवा म्हणाला, बाबा, भंगारात द्या ती.
मायलेज पडेल. विम्याची भानगड.
शिवाय घासेल.

घासेल.
हुबेहूब माझा आवाज.
त्या आवाजावर शिक्का कोणी मारला होता
ते मला माहीत होतं.

परकार दापोलीकडचा, बोलायला चिक्कू.
साठ नंबर घ्या, म्हणाला, ठेंगणी कड,
उंची फार वाढायची नाही.
जॅक लावला. जुनं चाक उतरलं
तेव्हा गाडी अचानक केवढीशी दिसली,
चष्मा काढलेल्या माणसासारखी.

मग नवी चाकं. मग म्हणाला, फुल मारा.
मी स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवलं.
खर्र.
घासतंय! मी ओरडलो,
खरं सांगतो, थोड्या आनंदानेच.

त्याने मान हलवली. पत्रा गरम केला,
टायर आणि कमानीच्या मध्ये लाकडी दांडा घालून
कड आत दुमडली,
करंजीला मुरड घालावी तशी, सावकाश.
उरलं ते तसंच राहील, म्हणाला,
उजवीकडे पुरती वळवू नका.
एकदा मागे घ्या, एकदा पुढे.
तुम्हाला कसली घाई?

फ्रीवेवर काटा पंच्याहत्तर दाखवत होता.
मी मनात म्हटलं, अठ्ठ्याहत्तर.
हिशेब जात नाही डोक्यातून:
मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जातं,
मीटर बिचारा फेरेच मोजतो,
आपण शंभर म्हणतो तेव्हा एकशेचार झालेले असतात.
खात्यात असतो तर मीच नोटीस काढली असती.
पण नोटीस कोणाला?
इथे भाडं भरणारा मी, घेणारा मी,
आणि दर शंभराला चार किलोमीटर
कुठल्याच वहीत नाहीत.
डावीकडे मिठागरं सरकत होती,
ती कुठल्या आकड्यात धरायची?

चेंबूरला आमच्या फाटकाशी
जे वळण पंधरा वर्षं एका दमात घेत आलो
ते तीन दमांत घेतलं.
वॉचमन शिट्टी तोंडात धरून बघत राहिला.
वर गॅलरीत लादीवर दोन गोल उरले होते,
आसपासच्या लादीहून उजळ.
ही म्हणाली, आणि माझ्या कुरडया?

रात्री शार्दूलचा फोन.
हिने फोटो पाठवला होता, मी नाही.
घासतंय?
थोडं, म्हटलं. उजवीकडे. पुरतं वळवलं तरच.

तो गप्प.
पलीकडे त्याचा टीव्ही ऐकू येत होता,
मग कोणीतरी तो बंद केला.

टायर कुठला टाकलास?