दोन्ही हात

सकाळी सहाला बादरीच्या ट्रकमधून अकरा माणसं उतरली.
त्यात तीन त्याचे मेहुणे, एक शाळेची मुख्याध्यापिका
आणि एक पोरगा, कुणाचा ते दुपारपर्यंत कळलं नाही.
अलाझानीच्या खोऱ्यात धुकं अजून
नदीच्या अंथरुणातून उठलं नव्हतं.
पलीकडे कॉकेशस. त्याला आमचं काही पडलेलं नसतं.

सापेरावीचं द्राक्ष आतूनही लाल,
बाकीच्यांसारखं नुसतं सालीपुरतं रंगेल नाही.
दहा मिनिटांत नखं काळी,
तासाभरात मनगटापर्यंत माणूस ओळखू येईना:
मुख्याध्यापिकेचे हात आणि माझे, एकाच गुन्ह्यातले.

नऊच्या सुमाराला पश्चिमेला ढग जमले.
गारांची भीती. मग गप्पा आटल्या.
नुसता कात्र्यांचा आवाज, आणि देठ तुटल्यावर
घड तळहातात येऊन बसतो ते वजन,
झोपलेल्या मांजराच्या पिल्लाएवढं.
म्हातारी पेलागिया बांधावर बसून
आकाशाला शिव्या देत होती, नावानिशी,
जणू एकेक ढग तिच्या माहेरचा.

ढग वळले. कुणाच्या तरी मळ्यावर गेले असतील.
आम्ही देवाचे आभार मानले
आणि त्या कुणाचा तरी विषय काढला नाही.

पाव, चीज, टोमॅटो. जेवताना
बादरीच्या ग्वांत्सानं विचारलं,
"ओतारकाका, तुमच्या बोटावर ते पांढरं काय आहे?"
काहीच नव्हतं.
एकवीस वर्षं अंगठीच्या सावलीत राहिलेली कातडी,
जांभळ्या हातावर तेवढीच एक रेघ, उघडी पडलेली.

बोट बारीक झालंय हे मला ठाऊक होतं.
लामारा गेल्यापासून मी उभ्यानंच जेवतो.
गेली म्हणजे नेपल्सला,
एका आजारी सिन्योराला कुशीवर वळवायला, भरवायला.
चार वर्षं.

बादल्या उपसून पाहिल्या. पण एक ट्रॉली तोवर
खाली रांजणघरात पोचली होती,
लाकडी कुंडात, तीन मेहुण्यांच्या पायांखाली.
"थांबवू का?" बादरी म्हणाला.
मी नको म्हटलं. तळाशी बसेल,
वसंतात झाकण काढू तेव्हा सापडेल.
"लग्न झालेली वाइन," पेलागिया म्हणाली, "पहिल्यांदाच पिणार मी."
सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

संध्याकाळपर्यंत तो पांढरा पट्टाही रंगून गेला.
ते मला आवडलं नाही.

रात्री फोन. पडद्यावर लामारा, मागे औषधांचं कपाट.
किती ट्रॉल्या झाल्या. साखर किती भरली.
गारा आल्या का. पेलागिया आहे ना अजून.
मी एकच हात हलवत बोलत होतो.
तिला ते कळायला अर्धं मिनिट लागलं.
"दोन्ही हात दाखव."

दाखवले.
ती काही बोलली नाही. मग तिनं तिचे दाखवले,
धुऊन धुऊन फिकटलेले, नदीतल्या गोट्यांसारखे.
तिच्याही बोटात काही नव्हतं.
"सिन्योराची कातडी कागदासारखी झालीय," ती म्हणाली,
"वळवताना ओरखडा उठायचा. मार्चपासून काढून ठेवलीय,
बटणांच्या डबीत. तुला सांगायचं राहून गेलं."

मार्च. म्हणजे सात महिने
रोज रात्री मी तिच्याशी बोललो
आणि तिच्या हाताकडे पाहिलंच नाही.

त्याला आता चार रात्री झाल्या. चोथा फुगून वर आलाय,
दिवसातून चारदा काठीनं खाली दाबावा लागतो,
नाहीतर वाइन रुसते.
मी गुडघ्यांवर बसतो,
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणाच्या तोंडाशी.
आत कुणीतरी झोपेत पुटपुटतंय.
काठी तळाला टेकली की थांबतो, कान देतो.
माती. बिया. देठांचा गाळ.

आज काहीतरी टणकन लागलं.
खडा असेल.
मी पुन्हा ढवळून पाहिलं नाही.