झडप

पुस्तक थंड मुलखातलं होतं.
पहिली तीनशे पानं ऊब घरात कशी कोंडायची याची:
भिंतीला किती जाड रजई, फटींना कसली पट्टी.
ती मी न वाचताच उलटली.
घाटल्यात ऊब कोंडावी लागत नाही,
जिना चढून आपली आपण येते, बसते, उठत नाही,
चार दिवसांसाठी आलेल्या मेहुण्यासारखी.
माझ्या वाट्याला उरलं ते
वारा, ओल आणि आंघोळीचं पाणी.

सावे म्हणाले, मॅडम, शाफ्ट बाराशेचा नऊशे करा,
तीनशे मिलिमीटर, गुणिले बावीस मजले,
कुणाकुणाचं देवघर निघेल त्यात.
मी म्हटलं, कुणाकुणाचा दमही निघेल.
ते हसले.
मिनिट्समध्ये फक्त देवघर लिहिलं.

मागची इमारत, माझीच, चार वर्षांपूर्वीची.
सातव्या मजल्यावर कमळाबाई मोकल.
"तुझं गरम पाणी येतं गं,
पण सात तांबे थंड गेल्यावर."
मोजलेले. रोज.
मी वहीत मांडलं: गच्चीवरच्या टाकीपासून अठरा मीटर,
वीसचा पाइप,
रात्रभर निवलेलं साडेपाच लिटर.
म्हणजे सात तांबेच.
माझं गणित आणि तिचा तांब्या
यांच्यात घोटभराचा फरक.
काय करता त्या पाण्याचं?
"बादलीत धरते, लादी पुसते.
तुझ्या चुकीनं घर लख्ख आहे."

मग मी उदबत्ती पेटवली.
देवासाठी नाही, धूर कुठे जातो ते बघायला.
मोरीच्या खिडकीशी धरली.
धूर जरा घुटमळला,
शाफ्टकडे जायचा तो
कमळाबाईच्या केसांकडे वळला,
आणि त्याच्यामागून तळलेल्या बोंबलाचा वास.
"चौथ्यावरची सिसिलिया," ती म्हणाली.

समोर टॉवर उठल्यापासून पश्चिमेचा वारा
आमच्यापर्यंत पोचत नाही,
शाफ्टमधली हवा वर जायचं विसरते.
हे मला चार वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.
मी घाईघाईत म्हटलं, झडप बसवून देते.
एकाच बाजूला उघडते.
हवा जाईल, परत यायची नाही.
कुणाचा वास नाही, कुणाची ओल नाही.

ती ओल्या लादीकडे बघत राहिली.
"दुसऱ्यावर भोईर मास्तर. एकटे.
पहाटे पाचला गवती चहा.
जानेवारीत एक दिवस वास आला नाही.
वाट पाहिली, साडेपाच, पावणेसहा.
मग खाली गेले.
दार तोडायला वॉचमन लागला."
वाचले?
"वाचले तर. अजून करतात चहा,
आता बिनसाखरेचा."
साखरेचाही वास कळतो का,
हे विचारायचं राहून गेलं.

ऑफिसात नवा नकाशा, आवृत्ती सहावी.
प्रत्येक दोन मजल्यांना एक टाकी दिली,
अठराचे चार मीटर केले. दीड तांबा.
जुलैत गच्चीवरच्या काचा आंधळ्या होतात,
तेव्हा हवेतलीच ऊब उसनी घेऊन
पाणी तापवणारं यंत्र, कमी विजेवर.
शाफ्ट बाराशेच ठेवला,
देवघर सावेंनी शोधावं.

झडप काढली. खोडली.
पुन्हा काढली, कारण ओल खोटं बोलत नाही,
पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर काळे डाग आले
की सही माझीच दाखवतील.
मग शेजारी बारीक अक्षरात लिहिलं:
खालच्या कडेला पाव इंच फट ठेवावी.

साइटवरचा पोरगा विचारेल, चुकून की मुद्दाम?
पाव इंचातून ओल किती येते
याचं कोष्टक आहे पुस्तकात.
चहा येतो का, याचं नाही.

उद्या पहाटे पाचला सातव्यावर जाणार आहे.
कमळाबाईंच्या खिडकीला पुठ्ठा लावीन,
खाली पाव इंच सोडीन,
आणि आम्ही दोघी मोरीत
दिवा न लावता उभ्या राहू.