कुठं दुखतंय

मैदानात कुणी पडलं की सर धावत येतात,
पहिला प्रश्न एकच : कुठं दुखतंय?
गुडघा दाखवायचा, घोटा दाखवायचा,
स्प्रे मारला की उठायचं.

मी पडलोच नव्हतो.
नुसता जायचा थांबलो होतो.

हातमोजे खिडकीच्या गजाला,
आधी ओले, मग कडक, मग
डाव्या अंगठ्यात एका कोळ्यानं संसार मांडला.
मी त्याच्याकडं बघत पडायचो
शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत.

आई म्हणाली, नजर लागली, सेमीफायनलची.
मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तव्यावर तडतडल्या.
पप्पा म्हणाले, मोबाईल.
आत्या म्हणाली, दहावीचं वर्ष, होतं असं.
मी म्हणालो, काही नाही.
इतक्यांदा म्हणालो
की तांबड्या रश्श्यात काही नाही,
रविवारच्या झोपेत काही नाही,
दात घासताना आरशात काही नाही.
मग दात घासणंही राहिलं.

इम्तियाज रोज यायचा, सायकल लावायचा,
पायरीवर बसून शेंगा सोलायचा, जायचा.
एका संध्याकाळी म्हणाला, चल, दूध पिऊ.
गंगावेशीत म्हैस उभी, धार काढणं चाललेलं,
पेल्यावर फेस.
फेसाकडं बघतच तो म्हणाला,
"ती पेनल्टी आठवतीय? तू उडी मारलीच नाहीस.
चुकीकडंही नाही. बघत उभारलास.
मला तवाच कळालं.
विचारीन विचारीन म्हणता दोन महिने गेले,
माझं चुकलं."

तेव्हा मी सांगितलं.
रात्री तीनला जाग येते.
कधीकधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.
तो हसला नाही. भावा, नाद करू नको, असलं काही बोलला नाही.
पेला खाली ठेवला, ओठावरची मिशी तशीच,
आणि म्हणाला, "हे आता सरांना सांगायचं. आत्ताच. मी बी येतो."

सीपीआरला केसपेपर, लांब रांग.
डॉक्टरबाईंनी झोप विचारली, भूक विचारली,
कधीपासून, विचारलं.
मी म्हणालो, गणपतीच्या आधीपासून.
त्यांनी मान हलवली, जसं कुणी
ताप किती, ऐकून हलवतं.
डिप्रेशन, म्हणाल्या. ह्याला औषध आहे, बोलणं आहे, वेळ लागतो.
तुझा आळस नाही हा.
ते शेवटचं मी त्यांना परत म्हणायला लावलं.

बरा झालो असं म्हणत नाही.
काल अंघोळ केली. आज नाही.

पप्पा दर गुरुवारी गेटपाशी थांबायचे
एमएटीवर बसून, आत यायचे नाहीत.
कालच्या गुरुवारी आत आले,
लेथचं काळं तेल नखात,
बाकड्याच्या टोकाला बसले, रुमालानं हात पुसत राहिले.
परतताना सिग्नलला, मागं न बघता विचारलं,
"कुठं दुखतंय रं नेमकं?"

मी म्हणालो, सांगतो. पण घरी नको.

सिग्नल सुटला. घर उजवीकडं होतं.
त्यांनी गाडी रंकाळ्याकडं घेतली.