कूलरमधली मेट्रन

थोराड तांबडीचं नाव मेट्रन. मीच ठेवलं.
एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात
नावं ठेवून घेतली,
एक आपणही ठेवावं.

झिंगाबाई टाकळीत, परसात सात जणी.
दाणे टाकले की आधी मेट्रन,
मग बाकीच्या, उतरत्या हुद्द्यानं,
तिळी सगळ्यांत शेवटी, तेही नजर चुकवून.
सोमवारी तिच्या पाठीवर पिसं नव्हती.
रुपयाएवढं लाल.
लाल दिसलं की सगळ्याच टोचतात,
कालपर्यंत तिला चिकटून झोपणारीसुद्धा.

मी जांभळं औषध लावलं, लाल झाकायला.
कुंपणापलीकडून गेडाम म्हणाले,
"तिळीलेच वेगळी ठेवा ना बाई."
नाही म्हटलं.
मार खाणारीची बदली करून
वॉर्ड सुधरत नसतो.

मेट्रनला उचललं,
जुन्या कूलरच्या डब्यात कोंडलं.
पाणी, ज्वारी, समोर विटांची भिंत.
चार दिवस ती ओरडली.
मला झोप छान लागली, खोटं कशाला बोलू.

पाचव्या दिवशी सोडली.
तोवर परसानं रांग नव्यानं लावलेली.
मेट्रन दाण्यांपाशी आली, थबकली,
मान खाली घातली
आणि पहिली चोच मारली ती तिळीनं,
नेमकी, तुऱ्याच्या मुळाशी.

मार्च लागलाय. कूलर धुवायचा आहे,
ताट्यांना नवा वाळा भरायचा आहे.
जांभळ्या बाटलीला बूच मात्र
मी अजून लावलेलं नाही.