रंग बदलताना

मरोळच्या गाळ्यात लाल संपवून निळा चढवताना
मशीन मधेच एक लोंबता गोळा ओकतं,
ना लाल, ना निळा.
आम्ही त्याला कचरा म्हणतो.
परवा तो डब्यातून घरी आणला.

रविवारी बाद झालेल्या सँडविच टोस्टरमध्ये तापवला,
सोबत झाकणं: खोबरेलाचं, सोड्याचं, फिनेलचं काळं.
खिडकी उघड, बायको म्हणाली,
आणि तो टोस्टर पुन्हा ओट्यावर दिसता कामा नये.

साचा डिमेलोकाकांनी कानशीने घासून दिलेला.
आठ खुंट्या, एक जरा बुटकी.
दाबला. पंख्याखाली धरला. ठोकला.

वीट निघाली तेव्हा निहार गप्पच.
मग म्हणाला, यात ढग आहे.
उलटी केली: इकडे मांजर पळतंय.

अजून एक अश्शीच कर.
तीच झाकणं, तोच गोळा, तेवढाच ताप.
मांजर आलं नाही.

संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या, एकीसारखी दुसरी नाही;
डुगडुगतात मात्र सगळ्या त्याच बुटक्या खुंटीपाशी.
तिथे त्याने तिकिटाची घडी कोंबली
आणि चार मजले चढवले, लिफ्टशिवाय.

मांजराची वीट कुठाय रे?
आतल्या बाजूला, म्हणाला.
बाहेर रिक्षा असतात.