लेअर सात

हरिपूरच्या संगमावर काढलेला फोटो.
सकाळचे सव्वासात. अलीकडे कृष्णा, पलीकडून वारणा,
मध्ये दोन पाण्यांची कच्ची शिवण.

घरी आल्यावर आधी बगळा काढला.
मग काठ, मग बाभळी,
सिद्राम अंबीची नाव तर एका क्लिकमध्ये.
उरलं ते पाणी आडवं ताणलं,
इतकं, की पिक्सेल उसवून आले
जुन्या लुगड्याच्या दशांसारखे.
हिरवा उतरवला,
पेवातून नुकत्या काढलेल्या हळदीचा पिवळा
चढवला थोडा,
आणि म्हटलं, आता यात हरिपूर नाही.
कुठलंच गाव नाही.

रविवारी नावेत बसून सिद्रामला मोबाइल दाखवला.
त्यानं तो उलटा धरला, मग सुलटा,
मग उलटाच बरा म्हणाला.
"माझी नाव पुसलीस व्हय?"
आणि ओलं बोट एका करड्या पट्ट्यावर टेकवून,
"हितं पाणी फसवं हाय. वरनं गप दिसतंय.
हितं मी वल्हं टाकत न्हाई."

बोट उचललं तर काचेवर थेंब राहिला.
त्याच्याखाली करडा फुटून
लाल, हिरवा, निळा सुटे झाले होते.

घरी येऊन चित्रात काहीच बदललं नाही.
फक्त 'लेअर सात' खोडून
तिथं लिहिलं :
फसवं पाणी.